शून्य सावलीच्या दुपारी सिंधुदुर्ग कसा दिसेल? रेंडर सॉफ्टवेअर निवडण्याआधीचा थोडा इतिहास

मालवण तालुक्यातल्या एका शाळेतली नववीची मुलं सिंधुदुर्ग किल्ल्याचं संगणकावर मॉडेल करत आहेत. कॅडमध्ये नागमोडी तट उभा राहिलाय, बुरूज बसलेत, आणि आता पुढचा प्रश्न आलाय: रेंडर कशात करायचं? त्यांच्या सरांनी तो मला विचारला. एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. तुम्ही वाचणारे बहुतेक पेट-नेटच्या तयारीतले, काही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ‘शाळेच्या प्रकल्पाचं आम्हाला काय?’ असं वाटत असेल, तर एवढंच सांगते की उद्या तुमच्या प्रबंधात जे सॉफ्टवेअर येईल, त्याच्याबद्दल गाईड हाच प्रश्न विचारणार आहेत: हेच का घेतलं? ‘सगळे हेच वापरतात’ हे उत्तर तोंडी परीक्षेत चालत नाही.

आधी रेंडर म्हणजे काय ते साफ करू. कॅडमध्ये असते ती फक्त भूमिती: अमुक बिंदू इथे, अमुक पृष्ठभाग तिथे. त्यावर उजेड पडला तर कॅमेऱ्याला काय दिसेल, याचा हिशोब म्हणजे रेंडर. हा हिशोब पूर्ण करणं आजही महाग आहे आणि १९७० च्या आसपास तर अशक्यच होतं. त्यामुळे प्रत्येक रेंडररने कुठला उजेड मोजायचा आणि कुठला अंदाजाने भरायचा, हे कधीतरी ठरवलेलं असतं. सॉफ्टवेअर निवडताना आपण तो जुना निर्णयही पदरात घेतो. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं, त्याच्या इतिहासात मात्र दिसतं.

आता मालवणची एक दुपार घ्या. मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची क्रांती तेवढीच होते, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. हाच आपल्या बातम्यांमध्ये येणारा शून्य सावलीचा दिवस. (ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांतून सूर्य शोधायचा कुठे?) त्या क्षणी किल्ल्याच्या उभ्या तटावर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. तरी तट काळाकुट्ट दिसत नाही. आकाशाचा उजेड असतो, खालच्या वाळूवरून उसळलेला असतो, समुद्रावरून आलेला असतो. तटाचा पाया वरच्या भागापेक्षा उजळ दिसू शकतो, कारण तो वाळूच्या जवळ आहे. हे दृश्य कुठला रेंडरर बरोबर काढेल? ही परीक्षा मी मुद्दाम कठीण निवडली आहे, आणि तिच्यावरच पन्नास वर्षांचा इतिहास लावून बघणार आहे.

सुरुवात १९६८ पासून करू. आयबीएममधल्या आर्थर ॲपलने डोळ्यापासून किरण सोडून तो कुठल्या पृष्ठभागावर आदळतो ते बघितलं, आणि तिथून दिव्याकडे दुसरा किरण सोडून तो बिंदू सावलीत आहे का ते तपासलं. कल्पना सुंदर, पण त्यानेच लिहून ठेवलं की नुसत्या तारांच्या चित्रापेक्षा हजारो पट जास्त गणित यात लागतं. त्या काळच्या यंत्रांना ते परवडणारं नव्हतं, त्यामुळे मुख्य रस्ता दुसरीकडे गेला: युटा विद्यापीठाकडे.

युटातली एक गोष्ट या मुलांना नक्की आवडेल. १९७२ च्या सुमारास आयव्हन सदरलँडच्या विद्यार्थ्यांना मोजायला एक खरी वस्तू हवी होती. त्यांनी सदरलँडच्या बायकोची फोक्सवॅगन बीटल घेतली, तिच्यावर रंगाने बिंदू आणि रेषा आखल्या आणि मोजपट्टीने एकेक बिंदूची जागा नोंदवली. कॅड प्रकल्पाची सुरुवात टेपने होते, हे तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. (मालवणच्या मुलांनी टेप मारायचं काम पावसाळ्याआधी संपवलेलं बरं. नंतर जेटीवरून किल्ल्याच्या होड्या बंद असतात.)

त्याच युटात आँरी गूरोने १९७१ मध्ये आणि बुई तुओंग फाँग याने १९७३ च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात पृष्ठभागावर उजेड कसा भरायचा याची सूत्रं दिली. फाँग मूळचा व्हिएतनामचा, हनोईत जन्मलेला. त्याचा प्रसिद्ध शोधनिबंध १९७५ मध्ये आला आणि त्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ल्युकेमियाने तो गेला. पीएच.डी. करणाऱ्या माणसाला हे वाचून जरा थांबायला होतं. त्याचं सूत्र पुढे इतकं पसरलं की अनेक कॅड प्रोग्रामच्या साध्या दृश्यखिडकीत आजही त्याच घराण्यातलं काहीतरी चालू असतं.

सूत्राचे तीन भाग आहेत. खरखरीत पृष्ठभागावरून सगळीकडे पसरणारा उजेड, चकाकीचा ठिपका, आणि तिसरा ‘ॲम्बियंट’. हा तिसरा नीट बघा. भिंतीवरून, जमिनीवरून, आकाशातून उसळत येणारा जो उजेड मोजता येत नाही, त्याच्या बदल्यात एक स्थिर आकडा. सगळीकडे सारखा. १९७३ च्या यंत्रावर याहून शहाणा निर्णय मला तरी सुचत नाही. पण आता आपल्या शून्य सावलीच्या दुपारी हे सूत्र चालवा. उभ्या तटावर थेट ऊन शून्य, म्हणून पहिले दोन भाग गेले. उरला तो स्थिर आकडा. पुढे आलेला बुरूज आणि मागे गेलेला तट दोघांना एकच छटा मिळते, आणि बुरूज तटात विरघळून जातो. मॉडेल अचूक, मापं अचूक, आणि चित्रात किल्ल्याचा आकारच नाही! मुलांना वाटेल कॅडमध्ये काहीतरी बिघडलं.

मग १९८० मध्ये बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेडने ॲपलचे किरण पुन्हा हातात घेतले. किरण आरशावर आदळला तर परावर्तित होऊन पुढे जावा, काचेतून वाकून जावा, आणि हे पुन्हापुन्हा व्हावं. चौकटीच्या फरशीवर तरंगणाऱ्या दोन गोळ्यांचं त्याचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणार. व्हॅक्स ११/७८० या यंत्रावर ते काढायला ७४ मिनिटं लागली होती. या पद्धतीने सिंधुदुर्गाभोवतालचा समुद्र झकास येतो: पाण्यात तटाचं प्रतिबिंब, होडीचं प्रतिबिंब. तट मात्र तसाच सपाट राहतो, कारण खरखरीत पृष्ठभागावरून दुसऱ्या खरखरीत पृष्ठभागाकडे जाणारा उजेड व्हिटेडनेही स्थिर आकड्यावरच सोडला होता.

तटाची अडचण सोडवली उष्णतेच्या अभियंत्यांच्या गणिताने. भट्टीच्या एका भिंतीकडून दुसरीकडे प्रारणाने किती उष्णता जाते, हे गणित आधीपासून होतंच. कॉर्नेल विद्यापीठात गोरल, टोरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी १९८४ मध्ये ते उजेडाला लावलं. याला रेडिओसिटी म्हणतात. रंगीत भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उतरतो, हे संगणकाच्या चित्रात पहिल्यांदा नीट हिशोबाने दिसलं ते तिथे. कोकणातल्या माणसाला यात नवल नाही. तांबड्या मातीच्या खळ्यासमोरची चुन्याची भिंत दुपारी खालून तांबूस दिसते; ते पाहायला कॉर्नेलला जावं लागत नाही. पण रेडिओसिटीतले सगळे पृष्ठभाग मॅट धरलेले. म्हणजे आता तट जमला आणि समुद्र गेला.

किल्ला जमिनीचा आणि पाण्याचा दोन्हीचा, आणि १९८४ मध्ये दोघांना दोन वेगळी गणितं! हे भांडण १९८६ मध्ये जेम्स काजियाने मिटवलं. त्याने उजेडाच्या सगळ्या देवघेवीचं एकच समाकलन समीकरण लिहिलं आणि दाखवलं की आधीच्या पद्धती म्हणजे याच समीकरणाची अर्धवट उत्तरं आहेत. तुमच्यापैकी भौतिकशास्त्र आणि सांख्यिकीवाल्यांना पुढचं ओळखीचं वाटेल: हे समीकरण त्याने माँटे कार्लोने सोडवलं. यादृच्छिक वाटांनी किरण पाठवायचे आणि सरासरी काढायची. याला पाथ ट्रेसिंग म्हणतात. यात शून्य सावलीची दुपार बरोबर येते. वाळूचा उजेड तटाच्या पायावर चढतो आणि बुरुजाची गोलाई दिसते. किंमत म्हणजे चित्रावरची रवाळ खसखस. ती निम्मी करायची तर नमुने चौपट घ्यावे लागतात. माँटे कार्लोचा हा नियम कुठलंही सॉफ्टवेअर मोडू शकत नाही.

खसखस पुसणारी साधनं आता मिळतात आणि ती फार उपयोगी आहेत, पण जरा जपून. खडबडीत दगडाचा पोत आणि खसखस यांत त्यांची गल्लत होऊ शकते. चिऱ्याची भोकं गुळगुळीत झालेली दिसली तर सॉफ्टवेअरवर खूश होऊ नका, नमुने वाढवा.

एवढा इतिहास डोक्यात ठेवला की बाजारातली नावं कमी घाबरवतात. मी मुलांपुढे ठेवलेली नावं तीन होती: ब्लेंडर, पॉव्ह-रे आणि रेडियन्स. स्केचअपसारख्या साधनाची स्वतःची दृश्यखिडकी मॉडेल तपासायला पुरते, उजेडाबद्दल काही विचारायला नाही. लुमियन, ट्विनमोशन वगैरे भारी ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवायचा हट्ट शाळेने करू नये. विद्यार्थी परवान्यावर मिळणाऱ्या व्यावसायिक साधनांना माझा विरोध नाही, पण परवाना ठरावीक मुदतीचा असतो आणि प्रकल्प पुढच्या वर्षीच्या नववीकडे जाणार असतो, हे लक्षात घ्या.

ब्लेंडरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. नेदरलँड्समधल्या टोन रोझेनडालने १९९४ च्या सुमारास आपल्या ॲनिमेशन स्टुडिओसाठी तो लिहायला घेतला. पुढे त्याच्याभोवती कंपनी उभी राहिली, आणि २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी ती बंद केली. तेव्हा रोझेनडालने लोकांकडून वर्गणी मागितली: एक लाख युरो द्या, म्हणजे आज्ञावली सगळ्यांसाठी खुली होईल. सात आठवड्यांत पैसे जमले आणि १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर जीपीएल परवान्याखाली मुक्त झाला. आपल्याकडे गावकी देवळाचा जीर्णोद्धार करते त्याच चालीची ही गोष्ट आहे. शाळेला तो फुकट मिळतो, आणि मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडेही आहेत.

ब्लेंडरमध्ये आज दोन मुख्य रेंडरर आहेत. सायकल्स २०११ मध्ये आला. तो पाथ ट्रेसर, म्हणजे काजियाच्या घराण्यातला. ईव्ही २०१९ च्या २.८० आवृत्तीत आला. तो खेळांच्या ग्राफिक्सच्या घराण्यातला, झटपट चित्र देणारा. उसळलेला उजेड तो बऱ्याच अंशी कॅमेऱ्याला दिसणाऱ्या गोष्टींवरूनच अदमासतो. वाळू चौकटीबाहेर गेली की तिचा उजेडही कमी पडू शकतो. आता साधा हिशोब करा. किल्ल्याभोवती तीस सेकंदांची फेरी, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे ७२० चित्रं. शाळेच्या संगणकावर सायकल्सला एका चित्राला पाच मिनिटं लागली तर एकूण साठ तास, आणि मध्ये वीज जाणार हे गृहीतच. म्हणून फेरी ईव्हीत करायची आणि उजेडाबद्दल काही म्हणायचं असेल ती चार स्थिर चित्रं सायकल्समध्ये. फेरीही थेट व्हिडिओ म्हणून काढू नका. सुटी चित्रं साठवा, म्हणजे वीज गेली तरी ४१२ वं चित्र झाल्यावर ४१३ पासून सुरू करता येतं.

पण याच २.८० आवृत्तीने संशोधकांना एक धडाही दिला. तिच्यात ब्लेंडरचा जुना अंतर्गत रेंडरर काढून टाकला गेला. त्याआधीच्या फाइल्स आजही उघडतात, भूमिती शाबूत असते, पण त्या रेंडररसाठी लावलेले पृष्ठभाग आणि दिवे यांतून जुनं चित्र परत मिळत नाही. पुढे ४.० मध्ये रंग पडद्यावर बसवण्याची मूळ पद्धत बदलली, ४.२ मध्ये ईव्ही नव्याने लिहिला गेला. तक्रार करण्यासारखं यात काही नाही, चित्रपटवाल्यांना हे हवंच असतं. तुम्हाला मात्र तीन वर्षांनी परीक्षकासमोर तेच चित्र पुन्हा काढून दाखवायचं असू शकतं. त्यामुळे ब्लेंडरची आवृत्ती नोंदवा आणि तिची प्रत जपा. जुन्या आवृत्त्या त्यांच्या संकेतस्थळावर उतरवून घ्यायला ठेवलेल्या असतात. शाळेच्या जुन्या संगणकावर नवी आवृत्ती चाललीच नाही, तर याचाच उपयोग होतो.

पॉव्ह-रे या बाबतीत जुन्या वळणाचा आहे. डेव्हिड बक याने स्वतःच्या अमिगा संगणकासाठी लिहिलेल्या किरणकार्यक्रमातून १९९० च्या आसपास तो उगवला. त्यात माउस नाही. दृश्य मजकुरात लिहायचं: इथे दंडगोल, इथे दिवा. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेची आवृत्ती लिहिता येते. दोन फाइल्स शेजारी ठेवून कुठली ओळ बदलली ते डोळ्यांनी दिसतं. नववीच्या मुलांना तो देऊ नये असं माझं मत, पण तुम्ही एकदा वापरून बघा. रेडियन्स आणखी वेगळा. ग्रेग वॉर्डने लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८५ पासून तो इमारतींतला उजेड मोजण्यासाठी लिहिला. सुंदर चित्रं हा त्याचा हेतूच नाही. बंद खोलीत अमुक झरोक्यातून दुपारी किती लक्स उजेड येईल, असा प्रश्न असेल तर तो घ्यावा.

उजेडाबद्दल शेवटची एक सूचना. बऱ्याच शिकवण्या युरोप-अमेरिकेच्या आहेत, आणि तिकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला. मालवणला जूनच्या उत्तरार्धात तो माथ्यापासून सुमारे सात अंश उत्तरेला असतो. किल्ल्याचा दरवाजा ईशान्येकडे आहे. दुपारी त्याच्यावर ऊन येतं की नाही, हे तारखेवर अवलंबून आहे. म्हणून सूर्याची जागा अक्षांश-रेखांश आणि तारीख घालून ठरवा, डोळ्यांना बरी दिसते म्हणून नको.

आता खरी काळजी सांगते. पाथ ट्रेसिंगने काढलेलं चित्र फोटोसारखं दिसतं, आणि फोटोसारखं दिसलं की लोक त्याला पुरावा मानतात. आपण दिवाळीत मातीचा किल्ला करतो, त्याच्यावर हळीव पेरतो, त्याला कोणी पुरावा म्हणत नाही. (मालवणकडे दिवाळीत नरकासुराचीच धामधूम जास्त, ते सोडा.) रेंडरचं तसं नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत सिंधुदुर्ग आहे. आता शाळेचं चित्रसुद्धा फोनवरून कुठल्या कुठे जाईल, आणि खाली ‘शिवकालीन सिंधुदुर्ग’ लिहिलेलं असेल.

मुलांच्या मॉडेलमध्ये काय ठाम आहे ते बघा. बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सुरू झालं आणि सुमारे तीन वर्षं चाललं, इथवर ठीक. बुरूज किती? १८८० मध्ये छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात क्षेत्र ४८ एकर, तटाची उंची २९ ते ३० फूट, सरासरी जाडी १२ फूट आणि बुरूज सुमारे ३२ दिले आहेत. आज फिरणाऱ्या माहितीत ४२ येतात, ५२ ही येतात. बुरूज कशाला म्हणायचं यावर आकडा बदलत असणार. नागमोडी तटाचं प्रत्येक वळण मोजलं की संख्या वाढतेच. आणि आतलं शिवराजेश्वराचं मंदिर? ते राजाराम महाराजांच्या काळातलं. १६६७ चा किल्ला दाखवायचा तर मंदिर काढावं लागेल. मुलांनी ते सगळ्यात मेहनतीने केलंय, त्यामुळे वर्गात यावर बरीच घासाघीस झाली असं सरांनी सांगितलं.

ही घासाघीस जगात आधी झालेली आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये आयबीएमच्या संशोधकांनी विंचेस्टरच्या पाडल्या गेलेल्या जुन्या चर्चचं, ओल्ड मिन्स्टरचं, संगणकावर मॉडेल करून त्यातून फेरी मारून दाखवली. पुरातत्त्वातल्या अशा कामांतलं ते अगदी सुरुवातीचं. चित्रं जसजशी चकचकीत होत गेली, तसा प्रश्न वाढला: उत्खननात सापडलेली भिंत कुठली आणि अंदाजाने उभारलेली कुठली? १९९९ मध्ये जर्मनीतल्या थॉमस श्ट्रोटहोटे आणि सहकाऱ्यांनी माग्डेबुर्ग इथल्या सम्राट ऑटोच्या राजवाड्यासाठी उलटी वाट धरली. संगणकाकडून मुद्दाम हातच्या रेखाटनासारखी चित्रं काढून घेतली, आणि खात्री किती हे रेषांवरून दाखवलं. २००६ मध्ये आलेल्या लंडन चार्टरने हीच अपेक्षा तत्त्व म्हणून मांडली: चित्रासोबत ते कसं ठरवलं याची नोंद असावी. तिला ते पॅराडेटा म्हणतात.

त्यामुळे ब्लेंडरच्या बाजूने माझं मत पडलं ते सायकल्सपेक्षाही त्यातल्या फ्रीस्टाइल या सोयीमुळे. ती कडा रेषांनी काढते, आणि रेषा तुटकही करता येतात. मुलांनी सध्या असं ठरवलंय: आज उभा असलेला, टेपने मोजलेला तट सायकल्समध्ये दगडाच्या पोतासह, गॅझेटियरवरून घेतलेला भाग साध्या राखाडी मातीसारखा, पोताशिवाय, आणि निव्वळ अंदाज तुटक रेषेत. मंदिर वेगळ्या थरात ठेवलंय, म्हणजे १६६७ च्या चित्रात बंद आणि आजच्या चित्रात चालू.

कॅडमधून ब्लेंडरमध्ये नेताना एसटीएल फाइल वापरणार असाल तर तिच्यात एकक नसतं हे विसरू नका. ३० फुटांचा तट ३० मीटरचा होऊन येऊ शकतो आणि सूर्य सोडून सगळंच चुकतं. वहीच्या पहिल्या पानावर एकक, ब्लेंडरची आवृत्ती, रेंडरर, नमुन्यांची संख्या, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ लिहा. दुसऱ्या पानावर बुरुजांची यादी, प्रत्येकासमोर ‘मोजला’, ‘वाचला’ किंवा ‘अंदाज’. मुलांच्या यादीत सध्या एकोणीस बुरुजांसमोर ‘मोजला’ आहे. उरलेल्यांसाठी होड्या पुन्हा सुरू होण्याची वाट बघायची आहे.